कोरियाच्या तहांतील पहिलें कलम

इतिहासाच्या तासाला तहांचीं कलमें पाठ करावयास सांगितलीं म्हणजे विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जी कळा येते ती आमच्या चांगली परिचयाची आहे. लढाई म्हटली कीं सर्वांचे कान टवकारतात. तह म्हटला कीं निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहूं लागतो. तहांत असावयाचें तें काय? कोणी कोणता प्रांत दिला, खंडणी किती ठरली, आणि ‘उभय राष्ट्रांमध्यें अखंड स्नेह राहील’ असें एक गोड वाक्य. तें गोड वाक्य परीक्षेंत कोणी विचारीत नाहीं म्हणून विद्यार्थी तें सोडून देतात. आणि खरें सांगावयाचें तर आम्ही शिक्षकहि तें बहुधा सोडूनच देतों. आज आम्ही अशाच एका वाक्याची हकीकत सांगणार आहों. एका लहान राष्ट्राच्या राजानें त्या एका वाक्यावर तेवीस वर्षें भिस्त ठेविली होती.

तें राष्ट्र कोरिया होय. विद्यार्थ्यांनीं आशियाचा नकाशा उघडून समोर ठेवावा. चीनच्या ईशान्य भागांतून एक द्वीपकल्प दक्षिणेकडे, जपानच्या रोखानें, पुढें आलेलें दिसेल. उत्तरेस चीनची हद्द, ईशान्येच्या टोंकाशीं रशियाची, आणि अरुंद समुद्र ओलांडला कीं जपान. तीन मोठ्या वाड्यांच्या मध्यें सांपडलेल्या परसासारखी ही जागा. शेंकडों वर्षें कोरियाचे राजे पेकिंगच्या बादशहाला नजराणा पाठवीत व त्याचें वडीलपण मानीत. त्या बदल्यांत चीन त्यांच्या घरकारभारांत सहसा हात घालीत नसे. परक्यांना आंत येऊं द्यावयाचें नाहीं असा कोरियाचा बाणा होता. १८७१ सालीं अमेरिकेचीं लढाऊ जहाजें व्यापाराचा तह मागावयास कांगह्वा बेटापाशीं आलीं. चकमक उडाली, अमेरिकनांनीं तेथील किल्ले घेतले, कोरियाचे दोनशेंहून अधिक शिपाई पडले व अमेरिकेचे तीन. तह मात्र झाला नाहीं. जहाजें परत गेलीं. ज्या राष्ट्राला कोरियाचा राजा पुढें आपला पाठीराखा समजूं लागला त्याची पहिली ओळख ही अशी झाली.

इकडे जपानांत १८६८ सालीं राज्यक्रांति होऊन तें राष्ट्र झपाट्यानें नवें होत होतें. पाश्चात्त्यांनीं तोफा दाखवून जपानचे दरवाजे जसे उघडविले होते, तसेच जपाननें १८७६ सालीं कोरियाचे उघडविले व आपणांस हवा तसा तह करून घेतला. धडा शिकलेला विद्यार्थी तो धडा दुसऱ्यावर किती लवकर आजमावतो याचें हें नमुनेदार उदाहरण आहे. आतां कोरियाच्या दरबाराला धाक पडला. १८८० सालीं किम होंग-जिप नांवाचा अधिकारी तोक्योला गेला असतां तेथील चिनी वकिलातींतील हुआंग त्सुन-श्येन या गृहस्थानें त्याच्या हातीं एक लहानशी पुस्तिका दिली. तिच्यांत कोरियाला उपदेश असा होता कीं, चीनशीं जवळीक ठेवा, जपानशीं सख्य करा, आणि अमेरिकेशीं संधान बांधा. अमेरिका दूरचें राष्ट्र; तिला दुसऱ्याच्या जमिनीचा लोभ नाहीं; ती न्यायी आहे व दुर्बळांचा पक्ष घेते, असें त्यांत वर्णन होतें. जुन्या वळणाच्या पंडितांनीं या पुस्तिकेवर गहजब केला. परंतु तरुण राजा गोजोंग याच्या मनांत तें चित्र ठसलें.

तहाच्या वाटाघाटी कोरियांत झाल्याच नाहींत. त्या तिएनत्सिन येथें चीनचा मुत्सद्दी ली हुंग-चांग आणि अमेरिकन आरमाराचा कमोडोर शुफेल्ट या दोघांमध्यें झाल्या. ज्याचा तह तो कोरिया जवळजवळ बाहेरच बसला होता. कोरिया हें चीनचें मांडलिक आहे असें कलम तहांत घालावें हा लीचा आग्रह. शुफेल्टनें तें मान्य केलें नाहीं. अखेर २२ मे १८८२ रोजीं चेमुल्पो बंदरीं, म्हणजे हल्लींच्या इंचॉन येथें, तहावर सह्या झाल्या. कोरियाच्या बाजूनें सही करणाऱ्या दोघांपैकीं एक तोच किम होंग-जिप होता. पाश्चात्त्य राष्ट्राशीं कोरियानें केलेला हा पहिला तह.

या तहाच्या पहिल्याच कलमांत आमचें तें गोड वाक्य आहे. इंग्रजी मजकुराचा आशय असा: एखाद्या तिसऱ्या सत्तेनें उभय सरकारांपैकीं एकाशीं अन्यायाचें किंवा जुलमाचें वर्तन केलें, आणि ती हकीकत दुसऱ्यास कळविण्यांत आली, तर तें दुसरें सरकार सलोखा घडवून आणण्यासाठीं शिष्टाई करील व अशा रीतीनें आपला स्नेहभाव प्रगट करील.

येथें आम्हांला थोडें थांबलें पाहिजे. कारण सगळी गोष्ट या ‘शिष्टाई’ शब्दांत आहे. इंग्रजींत याला ‘गुड ऑफिसेस’ म्हणतात, व राष्ट्राराष्ट्रांच्या कायद्यांत त्याचा अर्थ अगदीं मापून घेतलेला आहे. गांवांत दोघां भाऊबंदांचा बांधावरून तंटा लागला असें समजा. एखादा वडीलधारा मनुष्य दोघांनाहि आपल्या ओसरीवर बोलावितो, पाणी देतो, आणि ‘आतां बसून बोला’ असें म्हणतो. ही शिष्टाई. तो स्वतः तोडगा सुचवूं लागला तर ती मध्यस्थी. दोघांनीं ‘आपण म्हणाल तें मान्य’ असें कबूल करून निकाल त्याजवर सोंपविला तर तो लवाद. आणि तो काठी घेऊन एकाच्या बाजूनें बांधावर उभा राहिला तर तो मित्र, पाठीराखा. पांडवांसाठीं श्रीकृष्ण हस्तिनापुरास गेला ती शिष्टाई. ती फसल्यावर तो अर्जुनाच्या रथावर बसला तें शिष्टाईच्या फार पलीकडचें. अमेरिकेनें जें वचन दिलें तें फक्त पहिल्या पायरीचें होतें. असें कलम अमेरिकेनें चीनशीं १८५८ सालीं केलेल्या तहांतहि होतें. वॉशिंग्टनच्या दप्तरांत तें नेहमींचें, शिरस्त्याचें कलम होतें. पत्राच्या अखेरीस ‘लोभ असावा’ लिहितात तसें.

परंतु तहाचा दुसरा मजकूर चिनी भाषेंत होता, आणि कोरियाचे राजे व पंडित वाचीत तो चिनी मजकूर. त्यांत, हकीकत कळवितांच, असे शब्द आल्यावर चार चिनी अक्षरें आहेत; त्यांचा सरळ अर्थ ‘अवश्य साहाय्य केलें पाहिजे’ असा होतो. त्यापुढें ‘मध्यें पडून नीट मिटवावें’ हे शब्द आहेत खरे. परंतु संकटांत सांपडलेल्या माणसाचा डोळा कोणत्या शब्दांवर खिळेल हें सांगावयास नको. एकाच कागदावर एकानें ‘लोभ असावा’ लिहिलें व दुसऱ्यानें ‘हांक मारतांच धांवून येऊं’ असें वाचलें. कोणी कोणास मुद्दाम फसविलें असें आम्हांला वाटत नाहीं. परंतु आपण दिलेल्या शब्दावर समोरचा मनुष्य किती भार घालतो आहे हें दिसत असूनहि जो गप्प राहतो त्याला अगदीं निर्दोषी तरी कसें म्हणावें?

भार घातला जात होता हें तर उघड उघड दिसत होतें. १८८३ सालीं राणीचा आप्त मिन योंग-इक हा शिष्टमंडळ घेऊन अमेरिकेस गेला. न्यूयॉर्कमधील एका हॉटेलांत प्रेसिडेंट आर्थर यांची भेट झाली तेव्हां कोरियन वकिलांनीं आपल्या रिवाजाप्रमाणें गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून त्यांना प्रणिपात केला. राजानें सैन्य शिकविण्यासाठीं अमेरिकन अंमलदार मागितले. मागणी १८८३ची, अंमलदार येऊन पोहोंचले १८८८ सालीं. राजवाड्यांत विजेचे दिवे लागले ते अमेरिकन कंपनीचे. उनसान येथील सोन्याच्या खाणींचा मक्ता १८९५ सालीं अमेरिकन माणसाला मिळाला. सेऊलपासून चेमुल्पोपर्यंतच्या आगगाडीचा मक्ताहि दुसऱ्याच वर्षीं त्यालाच. राजाचा हिशेब असा कीं, अमेरिकनांचा पैसा आपल्या देशांत गुंतला म्हणजे त्यांचें लक्षहि गुंतेल. परंतु त्या अमेरिकनानें आगगाडीचा मक्ता पुढें जपानी लोकांसच विकून टाकला! व्यापाऱ्याला नफा हवा असतो, हें राजाला कोणीतरी सांगावयास हवें होतें.

१८९१ सालीं राजानें आणखी एक गोष्ट केली. वॉशिंग्टन शहरांत लोगन सर्कल या चौकापाशीं विटांची एक तिमजली हवेली होती. ती पंचवीस हजार डॉलर मोजून त्यानें आपल्या वकिलातीसाठीं विकत घेतली. कोरियाच्या खजिन्याच्या मानानें ही रक्कम लहान नव्हती. या घराचें पुढें काय झालें तें आम्ही शेवटीं सांगूं.

वाक्याची पहिली परीक्षा १८९४ सालीं झाली. कोरियांत बंड झालें, तें मोडण्यास राजानें चीनचें सैन्य बोलाविलें, आणि न बोलावितां जपानचें सैन्यहि आलें. कोरियाच्या वकिलानें वॉशिंग्टनमध्यें पहिल्या कलमावर बोट ठेविलें. परराष्ट्रमंत्री ग्रेशम यानें जपानला एक खलिता धाडला: दुर्बळ व निराधार शेजाऱ्यावर अन्यायाचें युद्ध लादाल तर प्रेसिडेंटसाहेबांना खेद होईल, असा त्याचा आशय होता. शिष्टाई झाली, कलमाचें अक्षर पाळलें गेलें. २३ जुलै रोजीं जपानी सैन्यानें सेऊलच्या राजवाड्यांत शिरून राजाला ताब्यांत घेतलें.

पुढील घडामोडी थोडक्यांत सांगतों. युद्धांत चीन हरला. १८९५च्या शिमोनोसेकीच्या तहानें त्यानें कोरियाचें स्वातंत्र्य कबूल केलें, म्हणजे जुना वडीलधारा बाजूला झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत जपानी मारेकऱ्यांनीं राजवाड्यांत शिरून राणीचा वध केला. १८९६च्या फेब्रुवारींत राजा गुपचूप निसटून रशियाच्या वकिलातींत आश्रयास गेला व वर्षभर तेथें राहिला. तेथून बाहेर आल्यावर त्यानें १८९७ सालीं ‘सम्राट्’ ही पदवी धारण केली. परंतु चीनकडून अमेरिकेकडे, अमेरिकेकडून रशियाकडे अशा फेऱ्या घालणाऱ्या दरबाराला पदवीनें बळ थोडेंच येणार? एवढ्या अवधींत घर सांवरावयाचें सुचलें नाहीं. कचेऱ्यांतील जागा विकल्या जात, सैन्य कांहीं हजारांचें व बेशिस्त, आणि जे तरुण लोकसभा व कायदे यांची मागणी करीत होते त्यांची ‘स्वातंत्र्य मंडळी’ सम्राटानें १८९८ सालीं मोडून टाकली. तिच्यांतील सिंगमन री नांवाचा एक तरुण, मिशनच्या शाळेंत शिकलेला, तुरुंगांत पडला. हें नांव विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

१९०४च्या फेब्रुवारींत जपान व रशिया यांचें युद्ध जुंपलें. कोरियानें आधींच आपली तटस्थता जाहीर केली होती; तिची किंमत कोणीच केली नाहीं. जपानी फौजा सेऊलमध्यें आल्या, आणि त्याच महिन्यांत झालेल्या करारांत जपाननें कोरियाचें स्वातंत्र्य व मुलूख सुरक्षित ठेवण्याची हमी दिली. ही हमी हें आणखी एक गोड वाक्य. ऑगस्टांत परराष्ट्रखातें व खजिना यांवर जपाननें नेमलेले सल्लागार बसले. आतां सम्राटाचें पत्रहि उघडपणें परदेशीं जाईना.

तेव्हां दरबारांतील मिन योंग-ह्वान वगैरे सुधारणावादी प्रधानांनीं, नुकताच सुटून आलेल्या सिंगमन रीला अमेरिकेस पाठविलें. ज्याला पांच वर्षांहून अधिक काळ कैदेंत ठेविला त्याच्याच पायांनीं राज्याची विनवणी चालत गेली. १९०५च्या आरंभीं त्याची परराष्ट्रमंत्री जॉन हे यांच्याशीं गांठ पडली, व तहाप्रमाणें करतां येईल तें करूं असें त्यांनीं सांगितलें. परंतु जुलैंत ते वारले. प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्ट हे रशिया-जपानमध्यें तह घडवून आणण्याच्या उद्योगांत होते. ४ ऑगस्ट १९०५ रोजीं ऑयस्टर बे येथील त्यांच्या राहत्या घरीं सिंगमन री आणि हवाई बेटांतील कोरियन मजुरांचे पाळक यून ब्योंग-गू हे, त्या मजुरांचा अर्ज घेऊन गेले. रूझवेल्ट अदबीनें बोलले. त्यांनीं सांगितलें कीं, असा अर्ज रीतसर तुमच्या वकिलातीमार्फत आला पाहिजे. मग आम्ही तो पाहूं. दोघे आनंदानें वॉशिंग्टनला धांवले. लोगन सर्कलच्या त्या हवेलींत कोरियाचा कामगार वकील बसला होता. ‘सरकारचा हुकूम आल्याशिवाय मी अर्ज देणार नाहीं,’ असें म्हणून त्यानें हात झाडले. आर्जवें केलीं, धमक्या दिल्या; तो हलला नाहीं.

या तरुणांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी होती. २७ जुलै रोजीं रूझवेल्ट यांचे युद्धमंत्री टॅफ्ट यांनीं तोक्यो येथें जपानचे मुख्य प्रधान कात्सुरा यांच्याशीं खाजगी बोलणें केलें होतें. फिलिपाईन बेटांवर आपला डोळा नाहीं असें कात्सुरा यांनीं सांगितलें; आणि जपानच्या संमतीवांचून कोरियाला परराष्ट्रांशीं तह करतां येऊं नये इतपत जपानचें वर्चस्व कोरियावर असावें, असें आपलें मत टॅफ्ट यांनीं दिलें. ३१ जुलै रोजीं, म्हणजे त्या भेटीच्या चारच दिवस आधीं, रूझवेल्ट यांनीं तारेनें कळविलें कीं टॅफ्ट यांचा शब्द न् शब्द आपणांस मान्य आहे. हें टिपण १९२४ सालापर्यंत जगाला कळलें नाहीं. वकिलातीनें अर्ज दिला असता तरी त्याचें काय झालें असतें याची कल्पना वाचकांना येईलच.

येथें हिंदुस्थानचाहि संबंध येतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत तो बहुधा सांपडणार नाहीं. १२ ऑगस्ट १९०५ रोजीं इंग्लंड व जपान यांनीं आपला दोस्तीचा करार नवा केला. त्याच्या तिसऱ्या कलमांत इंग्लंडनें कोरियावर देखरेख, ताबा व संरक्षण करण्याचा जपानचा हक्क मान्य केला. आणि लगेच चौथ्या कलमांत जपाननें, हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या रक्षणासाठीं इंग्लंडला वाटतील ते उपाय योजण्याचा इंग्लंडचा हक्क मान्य केला. एका पारड्यांत कोरिया, दुसऱ्यांत आमची सरहद्द. आणि दोहोंपैकीं कोणालाहि कोणी विचारलें नव्हतें.

सप्टेंबरांत पोर्टस्मथ येथें रूझवेल्ट यांच्या शिष्टाईनें रशिया-जपानचा तह झाला, व त्याबद्दल त्यांना दुसऱ्या वर्षीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच महिन्यांत त्यांची कन्या ॲलिस सेऊलला पाहुणी म्हणून आली. सम्राटानें तिचा जो थाटमाट केला तो एखाद्या राजकन्येचा करावा तसा होता. बिचाऱ्याला वाटलें असेल कीं, लेक घरीं जाऊन बापाजवळ दोन शब्द बोलेल.

आतां एका शिक्षकाची गोष्ट. होमर हल्बर्ट हे अमेरिकन गृहस्थ १८८६ सालीं सेऊलच्या सरकारी इंग्रजी शाळेंत शिक्षक म्हणून आले होते. पुढें ते मिशनच्या कामांत आले. कोरियन विद्वान् सर्व लिखाण चिनी अक्षरांत करीत असतां, या परक्या माणसानें कोरियाच्या साध्या लिपींत, सामान्य मुलांना वाचतां येईल असें जगाच्या भूगोलाचें पुस्तक लिहिलें. १९०५च्या ऑक्टोबरांत सम्राटानें आपलें पत्र प्रेसिडेंटसाठीं गुप्तपणें याच मास्तरांच्या हातीं दिलें. सैन्य नाहीं, आरमार नाहीं, वकीलहि परस्वाधीन. राज्याचें अखेरचें पत्र घेऊन निघाला तो एक शाळामास्तर! हल्बर्ट वॉशिंग्टनला पोहोंचले. प्रेसिडेंटच्या कचेरींत सांगण्यांत आलें कीं हें पत्र परराष्ट्रखात्यामार्फत आलें पाहिजे. परराष्ट्रखात्यांत सांगण्यांत आलें कीं आज काम फार आहे, उद्यां या.

हल्बर्ट या फेऱ्या घालीत होते त्याच सुमारास सेऊलमध्यें काय चाललें होतें? १७ नोव्हेंबरच्या रात्रीं राजवाड्याभोंवतीं जपानी शिपायांचा वेढा होता. जपानचा थोर मुत्सद्दी इतो हिरोबुमी हा सेनापति हासेगावा याला बरोबर घेऊन प्रधानमंडळाच्या बैठकींत आला व एकेका प्रधानाला विचारूं लागला. मुख्य प्रधान हान क्यू-सोल यानें नकार दिला. त्याला दुसऱ्या खोलींत अडकवून ठेविलें. पांच प्रधानांनीं संमति दिली, आणि मध्यरात्रीनंतर शिक्का उठला. कोरियाचा परराष्ट्रव्यवहार यापुढें जपान पाहील असा तो तह. सम्राटानें त्यावर स्वतः सही केली नाहीं.

वॉशिंग्टनमध्यें परराष्ट्रमंत्री रूट यांनीं २४ नोव्हेंबर रोजीं सेऊलमधील अमेरिकन वकिलात उठविण्याचा निर्णय कळविला. ज्या राष्ट्रानें पाश्चात्त्यांमध्यें सर्वांच्या आधीं कोरियाशीं तह केला, तेंच सर्वांच्या आधीं निघून गेलें. त्यानंतर हल्बर्ट यांची भेट घेण्यांत आली. त्यांना सांगितलें तें असें कीं, पत्र गुप्त ठेवावें अशी सम्राटाची इच्छा असल्यानें त्यावर उघड कांहीं करतां येत नाहीं, शिवाय मध्यंतरीं नवा तह झालेला आहे. दुसऱ्याच दिवशीं चीनच्या चेफू बंदरांतून सम्राटाची तार हल्बर्ट यांना आली: तह तरवारीच्या धाकानें घेतलेला आहे, आपण तो मानीत नाहीं, सबब तो रद्द आहे. ती तारहि त्यांनीं सरकारांत पोहोंचविली. तिचा उपयोग झाला नाहीं.

आमच्या वर्गांत एका चुणचुणीत मुलानें विचारलें कीं, अमेरिकेनें काय कोरियासाठीं जपानशीं लढाई करावयाची होती? प्रश्न रास्त आहे. रूझवेल्ट यांचेंहि म्हणणें हेंच होतें: जे स्वतःच्या रक्षणासाठीं एक फटका मारूं शकत नाहींत त्यांच्यासाठीं आम्ही जपानच्या आड येऊं शकत नाहीं. शिवाय रशियाला आवर घालण्यास त्यांना जपान हवा होता, आणि फिलिपाईन बेटांची काळजी होती. मुत्सद्द्याच्या दृष्टीनें हा हिशेब चूक नव्हता, आणि कोरियाच्या दरबाराचा नाकर्तेपणा झांकावा असेंहि आम्हांला वाटत नाहीं. परंतु त्या मुलाला आम्हीं उलट विचारलें: पहिल्या कलमांत लढाईचें नांव कोठें आहे? कोरियानें लढाई मागितलीच नव्हती. ‘हकीकत कळवितांच’ हे तहाचे शब्द. आणि हकीकत कळविणारा दारांत उभा असतां ती ऐकून घेण्याचें लांबणीवर टाकण्यांत आलें. मोठें वचन पाळणें अमेरिकेला कठीण होतें असें म्हणतां येईल. परंतु येथें जें मोडलें तें अगदीं लहान, ओसरीवर बोलावून पाणी देण्याइतकें वचन होतें.

३० नोव्हेंबर रोजीं मिन योंग-ह्वान यानें आत्महत्या केली. देशबांधवांस व परकीय वकिलांस उद्देशून त्यानें अखेरचे शब्द लिहिले ते आपल्या भेटीच्या कार्डांवर. १९०७ सालीं हेग येथील शांतता परिषदेस सम्राटानें तीन दूत पाठविले. कोरियाचा परराष्ट्रव्यवहार जपानकडे असल्यामुळें त्यांना आंत प्रवेश मिळाला नाहीं. त्यांपैकीं यी जून हा तेथेंच वारला, आणि या ‘अपराधा’बद्दल जपाननें सम्राटाला गादीवरून उतरावयास लाविलें. १९१० सालीं कोरिया जपानच्या राज्यांत सामील करण्यांत आला. जपानी अंमल १९४५ सालीं संपला. सिंगमन री हा १९४८ सालीं दक्षिण कोरियाचा पहिला अध्यक्ष झाला. हल्बर्ट मास्तर १९४९ सालीं, वयाच्या शाऐंशीव्या वर्षीं, त्याच्या सरकारच्या निमंत्रणावरून सेऊलला परत आले व आठवड्याभरांतच तेथें मरण पावले. हान नदीच्या कांठच्या यांगह्वाजिन येथील दफनभूमींत त्यांची कबर आहे. १९०५चा तो तह मुळांतच रद्दबातल होता कीं नाहीं हा वाद पुढेंहि चालू राहिला. १९६५ सालीं जपान व दक्षिण कोरिया यांनीं आपसांत तह केला, त्यांत १९१० सालच्या ऑगस्टपर्यंतचे सर्व जुने तह ‘आधींच रद्द’ आहेत असें लिहिलें. ‘आधींच’ म्हणजे केव्हांपासून, याचा अर्थ दोन्ही सरकारांनीं आपापल्या परीनें लाविला. तहांतील शब्द सोडून देऊं नयेत असें आम्ही म्हणतों तें यासाठींच.

आतां त्या हवेलीचें. १९०५ सालीं वकिलात बंद झाल्यावर ती जपानच्या हातीं गेली, आणि १९१० सालीं, सामिलीकरणाच्या वेळीं, पंचवीस हजारांची ती वास्तु कागदोपत्रीं पांच डॉलरांस जपानी वकिलाला ‘विकण्यांत’ आली. त्यानें ती दहा डॉलरांस दुसऱ्यास दिली. मग शंभर वर्षें ती परक्यांच्या मालकींत होती. २०१२ सालीं दक्षिण कोरियाच्या सरकारनें ती पस्तीस लक्ष डॉलर देऊन परत विकत घेतली, आंतील दालनें जुन्या छायाचित्रांवरून पूर्वींसारखीं सजविलीं, आणि २०१८ सालीं संग्रहालय म्हणून लोकांना खुली केली. त्या दिवशीं घरावर पुन्हां कोरियाचें निशाण चढलें. उघडण्यासाठीं दिवस निवडला होता तो २२ मे.